थेरपी असलेल्या समर कॅम्पसाठी आर्थिक मदत मागावी का? (न्यू जर्सी, मुलगा ९ वर्षांचा)

बकुळ | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही एडिसनजवळ राहतो. मुलाला ऑटिझम आहे. बोलतो, पण मोजकं. शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपते ती थेट सप्टेंबरात उघडते. मधे शाळेचे उन्हाळी वर्ग, म्हणजे ईएसवाय, मिळतात. पण ते पाचच आठवडे आणि तेही दुपारी बारापर्यंत. मागच्या वर्षी उरलेला सगळा उन्हाळा घरात गेला. मे महिन्यात "पाणी दे", "नको, थांब" हे शब्द त्याच्या तोंडून सहज यायचे. ऑगस्ट संपेपर्यंत तो पुन्हा माझं मनगट धरून फ्रिजपर्यंत ओढायला लागला. ते शब्द परत यायला दिवाळी उजाडली.

म्हणून शाळेतल्या स्पीच थेरपिस्टने एक डे कॅम्प सुचवला. सात आठवडे, रोज ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच, पोहणं, दोन मुलांमागे एक काउन्सेलर. डिसेंबरात बघायला गेलो. हॉलच्या कोपऱ्यात जाड पडदा लावून अंधारी जागा केलेली, आत एक बीनबॅग. मुलगा आपणहून आत जाऊन बसला. मी पडद्याबाहेर उभी. कुणी त्याला हाका मारल्या नाहीत, कुणी ओढायला गेलं नाही. दहा मिनिटांनी तो आपणहून बाहेर आला आणि रंगाच्या टेबलाशी गेला. गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना.

फी ८,४०० डॉलर. नवरा एच-१बी या वर्क व्हिसावर, मी एच-४ वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, मला काम करायची परवानगी नाही. थेरपीचे को-पे (विमा असूनही दर वेळी आपण भरायचा वाटा) भरून आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना पैसे पाठवून हाती फारसं उरत नाही. निघताना कॅम्पच्या बाईंनी माहितीपत्रकासोबत आर्थिक मदतीचा चार पानी फॉर्मही दिला. तीन आठवडे तो फ्रिजवर चुंबकाखाली आहे. नवरा म्हणतो, आपलं दोन वेळचं नीट चाललंय, ज्यांना खरी गरज आहे त्यांचं आपण का घ्यायचं? सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "परक्या देशात कुणापुढे हात पसरू नका गं."

कुणी असा अर्ज केलाय का? आमच्यासारख्या पगारात मिळतं का? आणि ग्रीन कार्डच्या फाइलवर त्याचा काही परिणाम होतो का?

पाणपोई | ११ जानेवारी

बकुळ, आधी तो फॉर्म फ्रिजवरून काढ आणि टेबलावर घे. बाकीचं मग बोलू.

माझी मुलगी आता १७ वर्षांची आहे. मीही न्यू जर्सीतच. आठ उन्हाळे तिला कॅम्पला पाठवलं आणि पूर्ण फी एकदाही भरली नाही. या मदतीला इथे कॅम्परशिप म्हणतात. शाळा-कॉलेजची स्कॉलरशिप असते तशीच, फक्त गुणांवर नाही, घरच्या परिस्थितीवर. कॅम्प वर्षभर देणग्या गोळा करतात त्या याचसाठी. तो पैसा मुलांच्या फीसाठीच वेगळा ठेवलेला असतो, तू घेतलास म्हणून कुणाच्या खिशातून जात नाही. मात्र पुष्कळ ठिकाणी निधी संपला की संपला. मार्चमध्ये जाग्या होणाऱ्या आया रिकाम्या हाताने परततात, कारण जानेवारी-फेब्रुवारीतच वाटप झालेलं असतं.

दुसरा मार्ग राज्याचा. न्यू जर्सीचा बाल आणि कुटुंब विभाग आहे, त्यांची मुलांसाठीची यंत्रणा बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेल्या २१ वर्षांखालच्या मुलांना समर कॅम्पसाठी पैसे देते. आम्ही केलं तेव्हा सगळं परफॉर्मकेअर या राज्याने नेमलेल्या संस्थेमार्फत होतं. इथे एक मेख आहे, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात: मूल पात्र आहे हे आधी ठरावं लागतं. त्याचा अर्ज वेगळा. त्याला निदानाचे अहवाल, शाळेचा आयईपी (मुलासाठी केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा), मूल्यमापन असं सगळं जोडायचं. ते मंजूर झालं की मग कॅम्पचा अर्ज. पहिल्या पायरीला आमचे महिने गेले, त्यामुळे पहिला उन्हाळा हुकला. तुझी पात्रता ठरलेली नसेल तर यंदासाठी कॅम्पच्या फॉर्मवर भिस्त ठेव, पण राज्याचा अर्ज आत्ताच टाक, पुढच्या वर्षी कामी येईल. आणि कॅम्प त्यांच्या यादीतला हवा, हे कॅम्पला फोन करून आधी विचार. मुलासोबत स्वतंत्र माणूस लागत असेल तर त्या मदतनिसाचे पैसेही मागता येतात. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

डोंबिवली_ते_डब्लिन | १२ जानेवारी

आमचं डब्लिन म्हणजे कॅलिफोर्नियातलं. इकडची व्यवस्था निराळी आहे, कॅलिफोर्नियातले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो.

इथे १९६९ चा लँटरमन कायदा आहे आणि त्याखाली २१ रीजनल सेंटर्स. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, बौद्धिक अक्षमता यांपैकी काही असेल आणि त्याने जगण्यात मोठी अडचण येत असेल तर मूल पात्र ठरतं. पात्रतेसाठी पगार बघत नाहीत. २००९ च्या मंदीत राज्याने खर्च कापला आणि कॅम्प, सामाजिक-करमणुकीचे कार्यक्रम वगैरे सगळं बंद केलं. ते बारा वर्षं बंद होतं. जुलै २०२१ पासून पुन्हा सुरू झालं. पण त्या बारा वर्षांत पालकांची एक अख्खी पिढी "रीजनल सेंटर कॅम्पचे पैसे देत नाही" हेच ऐकत मोठी झाली आणि आजही एकमेकांना तेच सांगते. मलाही एका ज्येष्ठ पालकांनी अगदी कळकळीने हेच सांगितलं होतं, म्हणून मी दोन वर्षं विचारलंच नाही.

विचारलं तेव्हा केस वर्करनी तोंडी "बघू" म्हटलं. मग मी ईमेल लिहिला: मुलाच्या वार्षिक आराखड्यात अमुक उद्दिष्ट आहे, त्यासाठी हा कॅम्प हवा, आणि नाही म्हणायचं असेल तर लेखी कारण द्यावं. लेखी नकार मिळाला तर त्यावर अपील करता येतं, तोंडी नकारावर काहीच करता येत नाही. आम्हाला अपिलाची वेळ आली नाही. तीन आठवड्यांत मंजुरी आली.

बकुळताई, कुठल्याही राज्यात असा, जे काही मागाल ते कागदावर मागा.

आकडेमोड | १२ जानेवारी

करांची बाजू मी सांगतो, रोजचं काम तेच आहे.

डे कॅम्पचा खर्च पाल्य-सांभाळ खर्चात धरता येतो, रात्रीच्या मुक्कामाच्या कॅम्पचा नाही. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, प्रकाशन ५०३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ऑफिसमधून डिपेंडंट केअर एफएसए (अशा खर्चासाठी पगारातले करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) मिळत असेल तर त्याची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. एफएसए नसेल तर टॅक्स क्रेडिट, त्यात एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात. एरवी मूल १३ वर्षांखालचं लागतं, पण जे मूल स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकत नाही त्याला वयाची अट नाही. मोठ्या मुलांचे पालक हे हमखास विसरतात.

आता वाईट बातमी. बकुळताई, या दोन्हींसाठी नवरा-बायको दोघेही कमावते किंवा काम शोधणारे हवेत, नाहीतर एकजण पूर्णवेळ विद्यार्थी हवा. तुम्हाला कामाची परवानगीच नाही, त्यामुळे सध्या हे दोन्ही तुमच्यासाठी बंद आहे. कुणी "एफएसएत टाकून द्या" असं सांगितलं तर ऐकू नका.

पण एक दार उघडं आहे. कॅम्पकडून बिल फोडून मागा: ओटी आणि स्पीचचे तास वेगळे, पोहणं-खेळणं वेगळं. थेरपी देणारे लायसन्सधारक असतील तर तो भाग आरोग्य विम्याकडे पाठवता येतो का ते बघा. न्यू जर्सीत २००९ पासून ऑटिझमसाठी ओटी, फिजिओ, स्पीच विम्यात धरायचा कायदा आहे. अडचण अशी की मोठ्या कंपन्यांचे विमे पुष्कळदा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे दाव्यांचे पैसे कंपनीच भरते, आणि त्यांना राज्याचा कायदा लागत नाही. नवऱ्याला एचआरला हा एकच प्रश्न विचारायला सांगा: "प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?" उत्तरावर पुढचं सगळं ठरेल.

सरळमार्ग | १३ जानेवारी

मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आम्हीही याच वयाच्या मुलाचे पालक. आम्ही दोन वर्षं भारतात जाणं रद्द केलं, जुनी गाडी चालवली आणि फी भरली. ज्या घरात एकटी आई दोन नोकऱ्या करते त्या घराला ही मदत आधी मिळावी असं मला मनापासून वाटतं. आपण शिकलेले, पगारदार लोक. झेपत असेल तर न घेणं बरं.

चाफ्याचीसावली | १३ जानेवारी

सरळमार्ग, तुमची भावना कळते. पण दुसऱ्या बाजूला बसून जे पाहिलं ते सांगते. चार वर्षं मी आमच्या गावातल्या एका कॅम्पच्या मदत समितीवर स्वयंसेवक आहे. सहा जणांची समिती, समोर अर्जांचा गठ्ठा. त्यावर नावं नसतात, फक्त क्रमांक.

कुणाला किती गरज आहे हे ठरवायला समिती बसलेली असते. अर्जदाराने ते घरीच ठरवून आपला अर्ज मागे ठेवला तर आम्हाला काहीच कळत नाही. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला पूर्ण मदत मिळते आणि मिळायलाच हवी. पगारदार घराला आम्ही चौथा हिस्सा देतो, कधी निम्मा. स्लायडिंग स्केल म्हणतात ते हेच. आमच्याकडे पूर्ण आणि अर्धी मदत दोन्ही एकाच निधीतून जातात, पण आधी सगळ्यांत जास्त गरजेचे अर्ज बाजूला काढूनच. गेल्या वर्षी आपल्या लोकांचे अर्ज किती आले म्हणाल? एकही नाही. आणि कॅम्पला येणारी आपली मुलं पाच होती. त्यातल्या एका घराने जुलैच्या मध्यात पैसे संपले म्हणून मुलीला मधूनच काढून घेतलं. त्या मुलीच्या नावाचा कपड्यांचा खुंटा उरलेला उन्हाळाभर रिकामा होता. मला ते अजून लागून राहिलंय. आईने एकदा विचारलं असतं तर!

बकुळ, फॉर्ममध्ये काय लिहायचं ते ऐक. आपण लोक "आमचं बरं चाललंय" असं लिहितो आणि खाली मदत मागतो. वाचणाऱ्याला काही उमगत नाही. मागच्या वर्षीचा कर-विवरणपत्राचा कागद तर जोडशीलच, पण त्यात भारतात आईवडिलांच्या औषधांना जाणारे पैसे दिसत नाहीत, थेरपीचे को-पे दिसत नाहीत, तुला काम करता येत नाही हे दिसत नाही. ते महिन्याच्या आकड्यांसकट लिही. "तुम्ही किती भरू शकता?" हा रकाना असेल तर तो कोरा सोडू नकोस. झेपेल तोच आकडा लिही, शरमेने फुगवू नकोस. आणि मुलाबद्दलच्या रकान्यात निदानाची भाषा नको, ती डॉक्टरच्या कागदात आहेच. इथे वर लिहिलंस ना, पाणी आणि मनगट, तेच लिही.

सांजवात | १४ जानेवारी

आमचा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, तरी उपयोगी पडेल. मुलीला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेनेच कॅम्पचं नाव काढलं. अभिनेता पॉल न्यूमनने १९८८ मध्ये कनेटिकटातल्या अ‍ॅशफर्डला गंभीर आजारी मुलांसाठी होल इन द वॉल गँग कॅम्प उभा केला. त्यातूनच पुढे सीरियसफन नावाचं कॅम्पांचं जाळं झालं, आणि या कॅम्पांमध्ये कुटुंबाकडून फी घेतच नाहीत. कुणालाच बिल नाही, त्यामुळे पगार विचारायचा प्रश्न येत नाही. डॉक्टर-नर्स तिथेच राहतात. कॅन्सर, सिकल सेल, रक्ताचे विकार अशा मुलांसाठी प्रत्येक कॅम्पची आजारांची यादी वेगळी असते, ती बघून अर्ज करायचा.

मुलगी गेली तेव्हा डोक्यावर केस नव्हते. परत आली तेव्हाही नव्हते, पण टोपी बॅगेच्या तळाशी होती. आठवडाभर ती घातलीच नव्हती म्हणे.

हॉस्पिटलच्या समाजसेविकेला विचारा हे मी प्रत्येकाला सांगते. तिच्या खणात असल्या फॉर्मांचा गठ्ठा असतो, आपण विचारलं तरच बाहेर येतो.

पाणपोई | १४ जानेवारी

ईएसवायबद्दल राहिलं होतं. बकुळ, "ते पाच आठवडेच असतात" हे शाळेने ठरवून टाकलेलं वेळापत्रक आहे. आयडीईए या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानुसार ईएसवाय प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे आयईपीच्या बैठकीत ठरायला हवं. सुट्टीत शब्द गेले आणि परत यायला दिवाळी उजाडली, हा त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. तारखांसकट लिहून काढ, सप्टेंबरातल्या शिक्षिकेच्या नोंदी माग आणि वसंतातली बैठक व्हायच्या आत पत्र दे. शाळा कॅम्पची फी देईलच असं नाही, बहुधा देत नाही. पण ईएसवायचे तास वाढले तर कॅम्पचे आठवडे कमी घेता येतील, म्हणजे मागायची रक्कमही कमी.

आकडेमोड | १४ जानेवारी

ग्रीन कार्डाचं उत्तर राहिलं. कॅम्पची स्वतःची मदत देणगीदारांच्या पैशातून येते, तो सरकारी लाभ नाही, त्याची चिंता नको. राज्याच्या योजनेचा अर्ज करण्याआधी मात्र तुमच्या वकिलाला एक ईमेल करा. मुलगा इथे जन्मलेला असेल तर लाभ त्याच्या नावावर असतो हे त्यात लिहा. या नियमांत बदल होत आलेत, त्यामुळे इथल्या कुणाच्याही, माझ्यासुद्धा, शब्दावर जाऊ नका.

नांदुरमधमेश्वर | १६ जानेवारी

आम्ही ह्यूस्टनहून नाशिकला परत आलो, मुलगी १२ वर्षांची. इकडे कॅम्परशिप असा प्रकार मला दिसला नाही. एप्रिल-मेमध्ये विशेष शाळा, थेरपी सेंटर उन्हाळी शिबिरं घेतात आणि फीचं काय ते संचालकांशी समोरासमोर बोलायचं. पण परतण्याचा विचार करणाऱ्यांनी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना लक्षात ठेवावी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, आणि चालू असलेली थेरपीही त्यात येते. आधी आपण खर्च करायचा, मग बिलं पाठवून परतावा घ्यायचा. त्यामुळे शिबिरातसुद्धा थेरपीची पावती थेरपिस्टच्या नोंदणी क्रमांकासह वेगळी मागून घ्या. नुसती "उन्हाळी शिबिर फी" अशी पावती दिली तर परताव्याला काही आधारच राहत नाही. मी एकदा तशी घेतली आणि दावा फेटाळला गेला.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. सकाळी लवकर जा, मुलीसाठी खाऊ आणि हेडफोन न्या.

सरळमार्ग | १७ जानेवारी

चाफ्याचीसावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, बायकोलाही वाचून दाखवला. त्या रिकाम्या खुंट्यावर ती थांबली. मागच्या उन्हाळ्यात आम्हीही सातऐवजी तीनच आठवडे पाठवलं होतं, कारण तेवढेच पैसे होते. यंदा अर्ज करतोय. बकुळताई, तुम्हीही करा.

बकुळ | २ फेब्रुवारी

तुम्हा सगळ्यांना कसं सांगू! फॉर्म गेला. शनिवारी रात्री मुलगा झोपल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसलो. नवऱ्याने बँकेची स्टेटमेंटं काढून प्रत्येक महिन्याचे थेरपीचे को-पे बेरजेला घेतले. वर्षाची बेरीज आली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं." आणि पेन त्यानेच उचललं. "किती भरू शकता"मध्ये आधी ६,००० लिहिलं, मग खोडून ४,०००.

प्लॅन सेल्फ-फंडेड निघाला. राज्याचा पात्रतेचा अर्ज वकिलाला विचारून पाठवला. शाळेलाही पत्र दिलं.

बकुळ | १९ मार्च

कॅम्पचं पत्र आलं. ३,८०० डॉलर माफ, उरलेले ४,६०० पाच हप्त्यांत. शाळेने बैठकीत ईएसवाय पाचाऐवजी सहा आठवडे केलं, स्पीचचा एक तास वाढवून. त्याच्या वेळा कॅम्पशी जुळत नाहीत, म्हणून कॅम्पचा एक आठवडा कमी करावा लागेल असं दिसतंय. त्याचे पैसे हप्त्यांतून वजा होतील. राज्याकडून अजून उत्तर नाही.

सासूबाईंना मीच फोन केला. सगळं सांगितलं, चाफ्याचीसावलीचा प्रतिसादही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, मग आमच्या तालुक्याच्या वसतिगृहासारखंच की हे. तुझे सासरे तिथेच राहून शिकले." हे मला लग्नाच्या अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक प्रश्न. हा दुपारी फक्त मेतकूट-भात खातो, तोही स्टीलच्याच डब्यातला. कॅम्पला चालेल का?

चाफ्याचीसावली | १९ मार्च

चालेल. आरोग्याच्या फॉर्ममध्ये आहाराचा रकाना असतो, त्यात लिही. मेतकुटात काय काय असतं तेही लिही. डाळी, गहू, मोहरी यांची अ‍ॅलर्जी असलेलं दुसरं मूल गटात असू शकतं, त्यांना कळायला हवं. डब्यावर नाव झाकणावर आणि तळाशी, दोन्हीकडे. झाकणांची अदलाबदल होते.

वाटसरू_कोलंबस | २१ मार्च

पूर्ण धागा वाचला. आम्ही ओहायोत, मुलगी ७ वर्षांची, नुकतंच निदान झालंय. इथल्या कॅम्पने अर्जाची मुदत ३१ मार्च सांगितली आहे. दहा दिवसांत जमेल का? आयईपी अजून तयार नाही.

बकुळ | २१ मार्च

जमेल. आयईपी नसेल तर निदानाचा अहवाल जोडा आणि "आयईपी प्रक्रियेत आहे" असं एका ओळीत लिहा, आणि हे चालेल का ते उद्याच कॅम्पला फोन करून विचारून घ्या. कर-विवरणपत्र आणि शेवटच्या दोन पे-स्टब आजच काढून ठेवा. मी आमचा भरलेला फॉर्म आकडे झाकून व्यनिने पाठवते, रकाने साधारण सारखेच असतील. अडलं तर रात्री फोन करा, अकरापर्यंत मी जागीच असते.